डिझेल पिकअपवर जाणं परवडेल का? आपला हिशेब आपणच मांडायची पद्धत

डिझेल पिकअप घ्यायची का, हा विचार बहुतेक वेळा ॲव्हरेजवर सुरू होतो आणि ॲव्हरेजवरच संपतो. 'पेट्रोलची नऊ देते, डिझेलची बारा देते, मग अडलंय कुठे?' असं म्हणून माणसं बुकिंग करून मोकळी होतात. पुढची पाच-सहा वर्षं मात्र हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, युरिया (धूर स्वच्छ करायला लागणारं द्रावण), घसारा हे सगळं त्या तीन किलोमीटरच्या फरकातून भागवायचं असतं. काहींचं ते छान भागतं, काहींचं अजिबात भागत नाही. दोघांच्या गाड्या अगदी एकाच मॉडेलच्या असू शकतात. फरक पडतो तो वर्षाचं रनिंग किती आणि त्यातलं भार घेऊन किती, या दोन आकड्यांनी.

मी डिझेलच्या विरोधात नाही. भार लादून, ट्रेलर ओढून, रोज लांब पल्ला मारणाऱ्याला डिझेलसारखं दुसरं इंजिन नाही, असंच माझं मत आहे. पण गाडी बदलणं हा घरखर्चातला किंवा धंद्यातला मोठा निर्णय असतो, आणि तो अंदाजावर घेतला जातो याचं वाईट वाटतं. कागद, पेन आणि एक संध्याकाळ एवढ्यात हा हिशेब होतो.

आधी माप ठरवा: एक लिटर पेट्रोल

इंधनाचे भाव जागेनुसार आणि महिन्यानुसार बदलतात. म्हणून या लेखात मी पैशांऐवजी 'पेट्रोलचे लिटर' हे माप वापरतो. कुठलीही रक्कम घ्या आणि तुमच्याकडच्या पेट्रोलच्या एका लिटरच्या भावाने भागा. विम्यातला फरक असो की इंजेक्टरची (इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाची) दुरुस्ती, सगळं लिटरमध्ये येतं. याचा मोठा फायदा असा, की डिझेलच्या गाडीची जादा किंमत म्हणजे नेमकं किती इंधन, हे थेट डोळ्यांसमोर उभं राहतं. 'किंमत थोडी जास्त आहे' हे ऐकायला सोपं वाटतं. 'किंमत २,४०० लिटर पेट्रोलने जास्त आहे' म्हटलं की माणूस थांबून विचार करतो.

डिझेलचा भावही याच मापात लिहा. डिझेल पेट्रोलपेक्षा पाच टक्क्यांनी स्वस्त असेल तर ०.९५, दहा टक्क्यांनी महाग असेल तर १.१.

पहिली पायरी: सध्याच्या गाडीचं खरं ॲव्हरेज आणि खरं रनिंग

जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवा. तो ठरावीक चाचणीत, ठरावीक वेगाने, बहुतेक वेळा हलक्या गाडीवर काढलेला असतो. पिकअपचं खरं आयुष्य तसं नसतं.

टाकी फुल करा आणि किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी पुन्हा फुल करा, किती लिटर बसलं आणि किती किलोमीटर झाले ते लिहा. असं लागोपाठ काही वेळा करून एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागा. एकाच टाकीवरून काढलेला आकडा फसवा असतो, कारण नोझल कधी लवकर कट होतं, कधी उशिरा. नोंद करताना शेजारी एक खूण करत जा: रिकामी, अर्धी भरलेली, पूर्ण भरलेली, ट्रेलरसह. ही खूण पुढे फार उपयोगी पडते.

वर्षाचं रनिंग मनाने सांगू नका. जुन्या सर्व्हिसिंगच्या बिलांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात. दोन बिलं काढा, वजाबाकी करा, झालं. आपण जेवढं सांगतो त्यापेक्षा खरं रनिंग बरेचदा कमी निघतं, कारण आपल्या लक्षात लांबच्या फेऱ्या राहतात आणि गाडी उभी असलेले दिवस विसरले जातात.

डिझेल कमी का पितं, आणि कुठे पीत नाही

हे समजून घेतलं तर पुढचे आकडे स्वतःला तपासता येतात. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा साधारण १० ते १५ टक्के जास्त ऊर्जा असते. म्हणजे ॲव्हरेजमधल्या फरकाचा एक भाग इंजिनाचा नसून इंधनाचाच आहे. लिटरवर विकत घेताना आपल्याला तो फायदा मिळतो, हे खरं. पण डिझेलचा भावही त्याच प्रमाणात चढा असेल तर तो भाग तिथेच संपतो.

उरलेला भाग इंजिनाचा. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की त्या उष्णतेनेच फवारलेलं इंधन पेटतं. आजच्या डिझेल इंजिनांचं कॉम्प्रेशन साधारण १५ ते १८ पट असतं, पेट्रोलचं बहुतेक वेळा ९ ते १३ च्या दरम्यान. शिवाय पेट्रोल इंजिन कमी ताकदीवर चालताना हवेची वाट थ्रॉटलने आवळून धरतं आणि त्यात शक्ती वाया जाते. डिझेलमध्ये ताकद प्रामुख्याने इंधन कमी-जास्त करून सांभाळली जाते. त्याला टर्बोची (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची) जोड मिळाली की कमी आरपीएमवरच भरपूर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, मिळतो. चढावर भरलेली गाडी असताना पेट्रोलवाल्याला गिअर खाली आणून इंजिन ताणावं लागतं, तिथे डिझेल शांतपणे ओढत राहतं. म्हणूनच भार जितका जास्त, तितका दोघांमधला फरक वाढतो. तुमच्या वहीत 'पूर्ण भरलेली' आणि 'ट्रेलरसह' या खुणा भरपूर असतील तर डिझेलची बाजू जड आहे. मागचा हौदा बहुतेक वेळ रिकामाच असेल, तर ज्या गुणाची किंमत तुम्ही मोजणार आहात तो तुम्ही वापरणारच नाही.

एक गोष्ट विक्रेते सहसा स्वतःहून सांगत नाहीत. डिझेल इंजिन वजनाने जड असतं. गाडीचं एकूण परवानगी असलेलं वजन तेवढंच असेल, तर जड इंजिनामुळे मागे लादता येणारा माल कमी होतो. ओढण्याची क्षमता जास्त आणि लादण्याची थोडी कमी, असं चित्र एकाच मॉडेलच्या दोन इंजिनांत दिसू शकतं. दोन्ही आकडे कागदावर पाहूनच ठरवा.

दुसरी पायरी: दर १०० किलोमीटरची बचत

आता एक नमुना हिशेब. यातले आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

पेट्रोल पिकअप ९ चं ॲव्हरेज देते, म्हणजे १०० किलोमीटरला ११.११ लिटर. डिझेल १२ चं देते, म्हणजे ८.३३ लिटर. डिझेलचा भाव ०.९५ धरला तर त्या ८.३३ लिटरची किंमत ७.९२ लिटर पेट्रोलएवढी. फरक ३.१९ लिटर. हा झाला फक्त इंधनातला.

यातून डिझेलचा जादा चालू खर्च वजा करा. इंजिन ऑइल जास्त लागतं, आणि पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा भाग) असलेल्या इंजिनाला कमी राखेचं खास ऑइलच घालावं लागतं. डिझेल फिल्टर ठरल्या वेळी बदलावा लागतो, त्यात साचलेलं पाणी काढावं लागतं. बऱ्याच नव्या गाड्यांना युरियाचं द्रावणही लागतं, त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. ते धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करतं, आणि बहुतेक गाड्यांत त्याची टाकी पूर्ण रिकामी झाली तर बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू होत नाही. उणे ११ अंशांना ते गोठतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीच्या भागात त्याची टाकी आणि नळ्या गरम ठेवायची सोयही गाडीत असते. जितके भाग जास्त, तितके बिघडायलाही जास्त.

या सगळ्याचे १०० किलोमीटरला ०.६ लिटर धरू. उरली २.५९ लिटरची निव्वळ बचत.

तिसरी पायरी: जादा किंमत, व्याज आणि परत मिळणारे पैसे

तुलना करताना बरोबरीची पेट्रोल आणि डिझेल मॉडेलं घ्या. डिझेल सगळ्यात वरच्या मॉडेलमध्ये आणि पेट्रोल साध्या मॉडेलमध्ये बघितलं तर सीट आणि स्क्रीनचे पैसेही इंजिनाच्या खात्यावर पडतात.

समजा जादा किंमत २,४०० लिटर. हा फरक कर्जातूनच येणार असेल तर त्याचं व्याजही डिझेलच्याच खात्यात. ९ टक्क्यांनी पाच वर्षांचे महिन्याचे हप्ते असतील, तर २,४०० वर साधारण ५९० लिटरचं व्याज होतं. रोख देणार असाल तरी त्या पैशांवर मिळणारं व्याज बुडतंच, ते लिहा.

दुसऱ्या बाजूला, विकताना डिझेलला बहुतेक वेळा थोडी जास्त किंमत येते. सहा वर्षांनी जादा किमतीतले ४० टक्के परत मिळाले असं मानू: ९६० लिटर. म्हणजे खरा बोजा २,४०० वजा ९६० अधिक ५९०, एकूण २,०३० लिटर. त्यात विमा आणि कर यांचा वर्षाचा जादा खर्च ६० लिटर धरा.

सहा वर्षं गाडी ठेवायची तर दर वर्षी २,०३० चा सहावा भाग, म्हणजे ३३८ लिटर, अधिक ६०, एकूण ३९८ लिटर डिझेलने कमावून द्यायला हवेत. १०० किलोमीटरला २.५९ या दराने त्यासाठी वर्षाला सुमारे १५,४०० किलोमीटर लागतात.

हाच तुमचा आकडा. याच्या खाली रनिंग असेल तर डिझेल तोट्यात, वर असेल तर फायद्यात. वर्षाला २०,००० किलोमीटर चालवणारा याच हिशेबात सहा वर्षांत साधारण ७०० लिटरने पुढे जातो. १०,००० चालवणारा ८०० लिटरहून जास्त मागे पडतो.

चौथी पायरी: हिशेब मोडून बघा

एका उत्तरावर विसंबू नका. माझ्या मते ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच बहुतेकांकडून राहून जाते.

आधी भाव हलवून बघा. डिझेल ०.९५ ऐवजी पेट्रोलपेक्षा दहा टक्के महाग, म्हणजे १.१ झालं तर १०० किलोमीटरची निव्वळ बचत २.५९ वरून १.३४ वर येते. आणि लागणारं रनिंग १५,४०० वरून थेट २९,७०० किलोमीटरवर जातं. गाडी तीच, चालवणारा तोच, फक्त पंपावरचा भाव बदलला. ही नुसती कल्पना नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर युरोपातल्या अनेक देशांत डिझेल पेट्रोलच्या वर गेलं होतं. दोन्ही इंधनांमधली तफावत बरीचशी करांवर अवलंबून असते, आणि कर सरकारच्या एका निर्णयाने बदलतात. गेल्या काही वर्षांत तुमच्याकडे ही तफावत किती कमी-जास्त झाली ते बघा आणि त्यातल्या वाईट टोकावर हिशेब करा.

मग एक मोठी दुरुस्ती घालून बघा. कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून इंधन पुरवणाऱ्या इंजिनांत, इंधन साधारण १,६०० ते २,५०० बारच्या दाबाने फवारलं जातं. एवढ्या दाबावर काम करणारा पंप आणि इंजेक्टर अतिशय बारकाईने बनवलेले असतात. थोडं पाणी किंवा कचरा गेला तरी ते खराब होतात आणि स्वस्तात दुरुस्त होत नाहीत. टर्बो, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप), पार्टिक्युलेट फिल्टर हेही याच पंक्तीतले. वॉरंटी संपल्यावर ६०० लिटरची एकच दुरुस्ती आली तरी वर्षाला लागणारं रनिंग १५,४०० वरून १९,२०० वर चढतं.

आणि सहाऐवजी तीन वर्षं धरून पुन्हा मांडा. गाडी लवकर विकायची सवय असेल तर चित्र पार बदलतं.

तिन्ही वेळा उत्तर डिझेलच्या बाजूने आलं तर निर्धास्त पुढे जा. फक्त एकाच अनुकूल आकड्यावर ते टिकत असेल तर ती बचत नाही, पैज आहे.

रनिंग भरपूर, पण कसं?

वर्षाला २०,००० किलोमीटर दोन प्रकारे होतात. एक, रोज लांबच्या रस्त्यावर. दुसरा, दिवसभर चार-पाच किलोमीटरच्या असंख्य फेऱ्या आणि प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद. आकडा सारखा असला तरी आजच्या डिझेलसाठी ही दोन पूर्ण वेगळी आयुष्यं आहेत.

कारण पार्टिक्युलेट फिल्टर. तो धुरातली काजळी अडवतो आणि ठरावीक साठली की ती जाळून स्वतःला मोकळं करतो. त्यासाठी फिल्टरमध्ये ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं आणि काही मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगाने गाडी चालावी लागते. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. जाळणं अर्ध्यावर तुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. बऱ्याच इंजिनांत या कामासाठी सिलिंडरमध्ये जादा डिझेल फवारलं जातं; त्यातलं काही ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होतं. शेवटी दिवा लागतो, गाडी ताकद कमी करते, आणि वर्कशॉपची वारी सुरू होते.

काही जण यावर फिल्टर कापून टाकायचा सल्ला देतात. तो कृपया ऐकू नका. अनेक देशांत ते बेकायदा आहे, वॉरंटी आणि पासिंग दोन्ही अडचणीत येतात, आणि ती काजळी शेवटी आपल्याच लोकांच्या छातीत जाते. ज्याच्या फेऱ्या छोट्या आहेत त्याने पेट्रोल, सीएनजी किंवा हायब्रिड बघावं. रोजचा पल्ला ठरलेला असेल आणि रात्री चार्जिंगची सोय असेल तर इलेक्ट्रिकचाही हिशेब याच पद्धतीने मांडता येतो.

चालू गाडी विकून डिझेल घ्यायची असेल तर

इथपर्यंतचा हिशेब 'नवी पेट्रोल की नवी डिझेल' असा होता. पण बहुतेकांपुढचा खरा पर्याय वेगळा असतो: दारात एक चालू पेट्रोल पिकअप उभी आहे, ती काढून डिझेल घ्यायची. इथे तिसरा रकाना लागतो: आहे तीच गाडी ठेवणं.

नव्या गाडीचा सगळ्यात मोठा खर्च इंधन नसून घसारा असतो, विशेषतः पहिल्या दोन-तीन वर्षांत. समजा नवी डिझेल १२,००० लिटरची आहे आणि सहा वर्षांत तिची किंमत निम्म्यावर आली. म्हणजे वर्षाला १,००० लिटर नुसत्या घसाऱ्यात गेले. तुमची जुनी गाडी वर्षाला ३०० लिटरने उतरत असेल तर फरक ७०० लिटरचा. हप्त्याचं व्याज आणि नव्या गाडीचा वाढलेला विमा अजून धरलेलाच नाही. आता इंधनाकडे बघा: २०,००० किलोमीटरला आपली निव्वळ बचत होती ५१८ लिटर. जुनी गाडी ठीक चालत असेल तर केवळ इंधन वाचवण्यासाठी ती बदलणं क्वचितच परवडतं.

जुन्या गाडीवर मोठी दुरुस्ती दारात उभी असेल, ती वारंवार बंद पडून काम बुडत असेल, किंवा तिला न झेपणारं वजन ओढायची कामं आता मिळत असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बुडालेल्या दिवसांची कमाई आणि नव्या कामाचं उत्पन्न आकड्यात लिहा. धंद्यासाठी गाडी असेल तर घसारा आणि व्याजावर करात काय सूट मिळते, हे हिशेबनीसाला विचारून मगच शेवटचा आकडा काढा.

विकताना काय होईल, याचा नियमांशी संबंध

सहा वर्षांनी ४० टक्के परत मिळतील हे आपण मानलं, पण त्यावर नियमांची सावली असते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा उत्सर्जन घोटाळा (डिझेल गाड्यांचं प्रदूषण चाचणीत कमी दाखवण्याचा) उघड झाला, तोवर युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेल होत्या. पुढे तो वाटा कोसळला. लंडनच्या अतिकमी उत्सर्जन क्षेत्रात रोजचा दंडवजा आकार टाळायला पेट्रोल मोटारीला युरो ४ हा जुना प्रदूषण-निकष पुरतो, डिझेलला मात्र नंतरचा, जास्त कडक युरो ६ लागतो. दिल्लीत २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणण्यावर बंदी घातली, तर पेट्रोलसाठी ती मर्यादा पंधरा वर्षांची होती. अशा पावलांचा पहिला फटका जुन्या डिझेलच्या भावाला बसतो. तुमची गाडी मोठ्या शहरात जाणार असेल, किंवा पुढचा गिऱ्हाईक तिथला असेल, तर परत मिळणारी रक्कम ४० ऐवजी २० टक्के, अगदी शून्यही धरून बघा.

जुनी डिझेल घेत असाल तर

जादा किमतीचा मोठा भाग पहिल्या मालकाने सोसलेला असतो, म्हणून वापरलेली डिझेल पिकअप हिशेबात बरेचदा नव्यापेक्षा सरस ठरते. मात्र तिची दुखणीही वारशात मिळतात. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंडच असू द्या, असं मालकाला आधीच सांगून ठेवा. थंड असताना एका झटक्यात चालू होते का, पहिला धूर कसला आहे, ऑइलचं झाकण काढल्यावर तिथून जोरात धूर-हवा बाहेर येते का, हे पाहा. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर फिल्टरमधली काजळी नीट जळत नाही, असा संशय घ्या. स्कॅनर लावून फिल्टरमधली काजळी आणि शेवटचं जळण कधी झालं ते वाचता येतं. इंजेक्टरमधून किती डिझेल परत जातं, याची चाचणी करून घ्या. फिल्टर किंवा ईजीआर काढून टाकलेली गाडी असेल तर भाव कितीही उतरवला तरी सोडून द्या.

नवी असो की जुनी, जवळपास त्या इंजिनाचं काम जाणणारा मेकॅनिक आणि सुटे भाग आहेत का, हे व्यवहाराआधी विचारा. चाचणीची फेरी रिकाम्या गाडीवर मारू नका. तुम्ही रोज नेता तेवढं वजन टाका, तुमच्या नेहमीच्या वाटेवरचा चढ घ्या, आणि जमत असेल तर टाकी फुल करून निघा व परत येऊन पुन्हा फुल करा. एका फेरीचा आकडा कच्चा असतो, तरी तो १२ च्या जवळ आहे की १० च्या, एवढा अंदाज येतो. ॲव्हरेज १२ ऐवजी १० निघालं तर आपल्या नमुन्यातली १०० किलोमीटरची निव्वळ बचत २.५९ वरून एका लिटरवर येते, आणि गाडी फायद्यात यायला वर्षाला जवळजवळ ४०,००० किलोमीटर लागतात.